मुळावरच्या गाठी शोधत घनसावंगीकडे

परत आले त्या दिवशी मी दुपारी जेवून झोपले ती दिवेलागणीला उठले. घरच्यांना वाटलं, प्रवासाचा ताप आला. ताप वगैरे काही नव्हता. आठवड्याभराची राहिलेली झोप होती, ती वसूल केली. जाताना पोटात जो गोळा होता तो येताना नेमका कुठे उतरून गेला ते मला सांगता येणार नाही, पण उतरला एवढं खरं. आता दिवाळी तोंडावर आली आहे आणि अंबड-घनसावंगीचा मुलूख न पाहिलेल्या मंडळींसाठी हे सवडीने लिहायला बसले आहे.

गोळा कशाचा होता ते आधी सांगायला हवं. मी पुण्यात एका लहानशा प्रयोगशाळेत नोकरी करते. आम्ही जिवाणू वाढवतो, कोळशाच्या भुकटीत मिसळतो आणि पाकिटं भरतो. शेतकरी ही काळी भुकटी गुळाच्या पाण्यात कालवून पेरणीआधी बियाण्याला चोळतो. रोप उगवलं की जिवाणू मुळात शिरतात, तिथे गाठी धरतात आणि त्यात बसून हवेतलं नत्र रोपाला पुरवतात. रोप त्यांना साखर देतं. दोघांचं छान चालतं, पण कुणाचंही कुणाशी चालत नाही. हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनला उपयोगाचा नाही, हे तर पाकिटावरच छापलेलं असतं. त्याच्याही पुढची गोष्ट अशी की सोयाबीनचा म्हणून वाढवलेला जिवाणूसुद्धा प्रत्येक सोयाबीनला चालेलच असं नाही. काही वाणांत जन्मजात एखादं जनुक असतं, ते अमुक एका जिवाणूला दारातूनच परत पाठवतं. हे मी शिकले होते. परीक्षेत लिहून चांगले मार्कही मिळवले होते. आणि तरी त्या वर्षी नवा जिवाणू निवडताना मी तो आमच्याकडच्या एकाच जुन्या वाणावर तपासला, गाठी बघून खूश झाले आणि पाकिटं भरायला सांगून मोकळी झाले.

श्रावण लागता लागता एक कार्ड आलं. अक्षर फळ्यावर काढावं तसं, एकसारखं. 'आपल्या जिवाणूंची पाकिटे गावातील सर्व सोयाबीनला लावली होती. पीक पिवळे पडले आहे. लोक लवकरच पीक मोडून नांगर घालतील असे दिसते. शक्य झाल्यास आपण स्वतः येऊन पाहावे.' खाली सही, साळवे, प्राथमिक शिक्षक. एकही कडू शब्द नव्हता, म्हणून जास्तच लागलं. आमचे साहेब म्हणाले, "पाऊस जास्त झाला असेल. तुम्ही कुणाकुणाच्या शेतावर जाणार?" मी 'बरं' म्हटलं आणि रजेचा अर्ज टेबलावर ठेवला.

अंबड, शुक्रवार

जालन्याहून एस.टी.ने अंबडला उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. माझ्याजवळ एक कपड्यांची पिशवी, एक खुरपं आणि एक मोठा थर्मास. थर्मासात बर्फ. मुळं मिळाली तर ती थंड ठेवून पुण्याला न्यायची, असा बेत. स्टँडसमोरच्या हॉटेलात बसले आणि हात धुऊन येते तर मालक थर्मासाचं झाकण उघडून उभा, बाजूला चहाची किटली.

"अहो, काय करताय?"

"चहा भरून देऊन राह्यलो ना, बाई. लांब जायचं आसंल तुम्हाला."

"त्यात बर्फ आहे."

त्याने आत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "चहात बर्फ टाकतेत का पुण्याला?" असं विचारून त्याने झाकण अदबीने परत लावलं. नंतर मी निघेपर्यंत तो येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्याकडे बोट दाखवून हळूच काहीतरी सांगत होता.

खायला सुशीला मागवली. आमच्या रत्नागिरीकडे चुरमुऱ्यांना पाणी लागलं की बायका हळहळतात. इथे ते मुद्दाम भिजवून, पिळून, शेंगदाणे-मिरचीच्या फोडणीत घालतात. चव अशी की दुसरी प्लेट मागवली. काळजीने भूक मरते म्हणतात. माझी कधी मेलेली नाही.

घनसावंगीकडे जीप जाते. 'भरली' म्हणजे काय, याचा इथला अर्थ वेगळा आहे. मागे माणसं, टपावर माणसं, पुढे चालकाच्या डावीकडे तिघं आणि उजवीकडेही एक. चालक मधोमध अंग चोरून बसलेला आणि त्याच्या उजवीकडचा गृहस्थ अर्धा बाहेर लोंबकळत. गाडी तोच चालवतो आहे असं समोरून येणाऱ्याला वाटावं. मी मांडीवर थर्मास धरून मागे बसले होते. शेजारच्या आजींनी विचारलं, "दवाखान्यात डबा का?" मी मान डोलावली. एका अर्थी खरंच होतं ते.

बाहेर सगळीकडे काळी जमीन, तिच्यात गुडघाभर कापूस, बांधाबांधावर बाभळी. गोदावरीच्या अंगाला उसाचे हिरवेगार पट्टे. आणि मधूनच एखादं शेत फिकट पिवळं. मी ती मोजायला लागले आणि मग मोजणं बंद केलं.

गाव, शुक्रवार दुपार

गावाचं नाव लिहू नका, असं गुरुजींनी बजावलं आहे, तेव्हा नुसतं 'गाव' म्हणते.

साळवे गुरुजी फाट्यावर सायकल घेऊन उभे होते. पंचेचाळिशीचे, शिडशिडीत, पांढरा सदरा आणि चपला हातात. त्यांनी माझ्या पायांतल्या सँडल पाहिल्या आणि म्हणाले, "मॅडम, काढा त्या." मी म्हटलं, "असू द्या, सवय आहे." कोकणातल्या चिखलात वाढलेली मी, मला काय चिखलाचं कौतुक! वीस पावलांवर उजवी सँडल जमिनीतच राहिली आणि माझा पाय पुढे गेला. ओढून काढली तर वरचे पट्टे हातात आले, तळ आतच. आमच्या तांबड्या मातीत पाऊस पडतो आणि वाहून जातो. इथली काळी माती पावसाला मुक्कामाला ठेवून घेते, वर पाहुण्याची चप्पलही. गुरुजी हसले नाहीत, सायकलीकडे बघत राहिले. पुढे तीन दिवस मी अनवाणी होते आणि फार सुखात होते.

त्यांचं घर गावाच्या कडेला, बौद्ध वस्तीत. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली वह्यांची चळत. त्यांच्या पत्नी शांताबाईंनी ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि वर कच्चं तेल वाढलं. जेवताना म्हणाल्या, "तुमचं ते सोयाबीन मागल्या साली चार मुठी शिजायला घातलं. सरपन संपलं, दाना शिजंना. खातं कोन त्याला?"

"तेल काढतात. पेंड कोंबड्यांना."

"मंग बराबर. कोंबडीलाच पचंल." त्या हसल्या, पण गुरुजी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून होते.

जेवणानंतर ओट्यावर त्यांनी सगळं सांगितलं. सोयाबीन पेरा म्हणून गावाच्या मागे तेच लागले होते. पाकिटं त्यांनीच मागवली. चोळायचं कसं ते कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून पेरणीच्या आधी एका सकाळी शाळेच्या व्हरांड्यात सगळं बी एकत्र आणलं आणि गुरुजींनी स्वतः गुळाचं पाणी करून, गार करून, भुकटी चोळून दिली.

"एकोणीस घरांचं बी, मॅडम. आमच्या वस्तीतलं पाच घरांचं आणि गावातलं चौदा. आजवर पेरणीच्या दिवशी आमच्या माणसानं गावातल्या बियाला हात लावला न्हाई. लावू दिला न्हाई म्हणा. यंदा तात्यांनी, म्हंजे गावातल्या सगळ्यात मोठ्या कास्तकारानं, स्वतः पोतं आणून माझ्यापुढं टाकलं, 'गुरुजी, चोळा' म्हणले. मंग बाकीचे आले. मी त्या दिवशी घरी येऊन हिला म्हणलं, आज माझी नोकरी सार्थकी लागली."

"आणि आता?"

"आता कोणी तोंडावर काही बोलून न्हाई राह्यलं. लोक हातांकडं बघतेत. सोमवारी नांगर घालणार. एकदा का पीक मोडलं, की हे माझ्या हातावर कायमचं लिहिलं जाईल."

मला वाटत होतं, पणाला लागला आहे तो माझा जिवाणू. इथे या माणसाचे दोन हात पणाला लागले होते. मला स्वतःची शरम वाटली.

शनिवार, तात्यांचं शेत

तात्या सत्तरीचे, उंच, डोक्याला पटका. त्यांनी गुरुजींना आणि मला 'या' म्हटलं आणि ते पुढे चालू लागले. सोयाबीन पिंडरीएवढं झालेलं, पण पान लिंबाच्या सालीसारखं.

मी बसले, खुरप्याने पहिलं रोप अलगद उकरलं, बाटलीतल्या पाण्यात मूळ धुतलं. मूळ पांढरंशुभ्र, स्वच्छ. एकही गाठ नाही. दुसरं, तिसरं, दहावं. एखाद्यावर मोहरीएवढी गाठ दिसे, ती नखाने फोडली की आत पांढरी. नत्र देणारी गाठ आत लाल असते. पांढरी म्हणजे नुसतं घर बांधलं, बिऱ्हाड आलंच नाही. पाणी साचलं नव्हतं, कीड नव्हती. आमचा जिवाणू या वाणाने दारातून परत पाठवला होता, आणि मी तो या वाणावर तपासलाच नव्हता. सकाळी दहाच्या आत मला सगळं कळलं. पुण्याहून इतक्या लांब येऊन माझीच चूक हातात धरून मी चिखलात बसले होते. मला रडू आलं. ते लपवायला मी मान खाली घालून अजून चार रोपं उपटली.

"सोमवारी मोडून राह्यलो, बाई," तात्या वरून म्हणाले. "पुढं ज्वारी तरी पेरता येईल."

मी उठले तेव्हा नजर लांब गेली. पलीकडच्या बांधाला लागून सात-आठ ओळी हिरव्यागार होत्या. काळपट हिरव्या, हातभर उंच. मात्र मध्ये मध्ये रोपं नाहीत, नुसती माती.

"ते काय?"

"वरल्या अंगाला उकिरडा हाय. त्याचं पानी झिरपतं तिकडं," तात्या म्हणाले.

पटण्यासारखं होतं. तरी मी चिखल तुडवत गेले आणि बसून एक रोप धरलं. तेवढ्यात पलीकडून निंदणारी एक बाई खुरपं टाकून ओरडली, "ते उपटू नका! बाई, ते उपटू नका!"

पण रोप हातात आलं होतं. मुळाला गाठीच गाठी, मिरीएवढ्या, काही वाटाण्याएवढ्या. एक फोडली. आत लालभडक. उकिरड्याच्या पाण्यावर वाढलेल्या रोपाला कुणी अशा गाठी धरायला सांगत नाही. ज्याला ताट वाढून मिळतं तो चूल मांडत नाही. म्हणजे इथे कुठलातरी दुसराच जिवाणू शिरला होता आणि या वाणाने त्याला घरात घेतलं होतं. मी इतक्या मोठ्याने "गुरुजी!" म्हणून ओरडले की बांधावरच्या बगळ्यांनी जागा सोडली.

ती बाई मात्र पांढरी पडली होती. तात्यांची सून, कौसाबाई. हे बी इथे कुणी पेरलं म्हणून विचारलं, तर ती खुरपं उचलून घराकडे चालू लागली. तात्या म्हणाले, "चाड्यावर तीच व्हती. सगळं रान तिच्याच मुठीनं पेरलं." चाडं म्हणजे पेरणीच्या पाभरीवरचा लाकडी पेला, त्यात मूठ धरून बी सोडायचं काम इकडे बायकांचं.

दुपारी तात्यांच्या घरी चहा होता. त्यांच्या पत्नीने आधी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "जेवन कुठं झालं?"

"गुरुजींकडे. अंबाडीची भाजी फार छान झाली होती."

"आस्सं," त्या म्हणाल्या आणि चहात आणखी एक चमचा साखर घातली. तो होकार होता की नाराजी, हे मला अजून उमगलेलं नाही.

कौसाबाईने मला गोठ्यामागे बोलावलं. पदर तोंडाला लावून म्हणाली, "बाई, कुनाला सांगू नका. तो रोग मीच आनलाय."

"कसला रोग?"

"गाठीचा. मुळाला गाठी आल्यात ना." आणि मग बांध फुटावा तसं सगळं बाहेर आलं. गुरुजींनी उन्हाळ्यात गावाला समजावलं होतं, ही भुकटी म्हणजे विरजण. कौसाबाईने ते ऐकलं आणि तिला पटलं. पण पाकिटातलं विरजण पुण्याचं, कुणी लावलेलं, कसं लागेल काय ठाऊक! तिचं माहेर वाटूर. तिथे भावाचं सोयाबीन तीन साल झाले नुसतं डोलतं. दह्याचं विरजण नीट लागलं नाही तर आपण काय करतो? ज्याच्या घरचं दही चांगलं त्याच्याकडून चमचाभर आणतो. "म्हनून वटपौर्णिमेच्या आधी माहेरी गेल्ते तवा भावाच्या रानातली घमेलंभर माती गाठोड्यात बांधून आनली. न विचारता. पेरताना शेवटचं बी ऱ्हायलं, त्यात कालवली."

"मग?"

"मंग महिन्यानं एक रोप उपटून पाह्यलं तर मुळाला ह्या गाठी! बाकी रानात एकबी न्हाई. इकडं समदं गाव पिवळं पडून राह्यलेलं. मला वाटलं, माझ्या ओळीतून रोग पसरला. समद्या शिवाराचा कस माझ्याच ओळी ओढून राह्यल्या." रोज निंदायला जाताना ती जास्त गाठींची रोपं शोधून उपटायची आणि बांधाखाली पुरायची. मधल्या मोकळ्या जागा त्याच.

मी तिचे दोन्ही हात धरले. "कौसाबाई, त्या गाठी म्हणजे रोग नाही. त्या गाठींसाठीच तर हा सगळा खटाटोप होता. अख्ख्या गावात विरजण फक्त तुमचं लागलंय."

तिने तोंडावरचा पदर काढला. "मंग मी उपटून टाकली ती?"

"ती सगळ्यात चांगली होती."

"आगं बाई गं!" ती मटकन शेणाच्या टोपल्याशेजारी बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडली, परत हसली. मलाही काय झालं कोण जाणे, मीही तिच्या शेजारी बसून तेच केलं. गाय रवंथ थांबवून आमच्याकडे बघत होती.

डोळे पुसून ती म्हणाली, "हे गावापुढं सांगावं लागंल का?"

"सांगितलंत तर गुरुजी सुटतील."

ती पदराचं टोक पिळत बसली. न विचारता दुसऱ्याच्या रानातली माती आणणं म्हणजे त्याची बरकत चोरणं, असं इकडे मानतात. भावजयीच्या कानावर गेलं तर माहेरचं दार बंद. वर सासऱ्याला कळणार की सुनेने रोज त्यांचंच पीक उपटून पुरलं. शेवटी म्हणाली, "आदी वाटूरला जाऊ. भावजयीला माझ्या तोंडून कळू द्या."

वाटूर, रविवार

कौसाबाई, गुरुजी आणि मी, दोन जीपा बदलून वाटूर फाट्यावर उतरलो. हे गाव रस्त्यांच्या तिठ्यावरचं, चहाच्या टपऱ्यांचं. वाटभर बडबडणारी कौसाबाई इथे उतरल्यावर पदर डोक्यावर ओढून आमच्या मागे चालू लागली.

भाऊ रानातच भेटला. सोयाबीन कमरेला लागत होतं. वाण कुठलं विचारलं, तर तेच, जे गुरुजींच्या गावात होतं. तीन वर्षांपूर्वी इंदूरकडून कुणाबरोबर तरी बी मागवलं होतं, तेव्हा त्यासोबत तिकडची जिवाणूंची पाकिटंही आली होती. एकदाच लावली. पुढच्या वर्षी विसरला, तरी पीक आपलं हिरवंच. मी मुळं उकरली. गाठी, लाल. थर्मास अखेर कामाला आला. पुढे पुण्याला त्या गाठींतला जिवाणू वाढवून कुंड्यांत त्या वाणाला लावला. महिन्याभरात गाठींचे घोस लागले. शेजारच्या कुंडीत माझा जिवाणू, आणि मूळ स्वच्छ. ती कुंडी मी अजून टेबलावर ठेवली आहे, चूक डोळ्यांपुढे राहिलेली मला बरी.

घरी भावजयीने दही-धपाटे वाढले. कौसाबाईने दोन घास खाल्ले आणि खाली बघून सांगून टाकलं. भावजय कमरेवर हात ठेवून ऐकत होती.

"घमेलंभर माती नेली?"

"हो वहिनी."

"चोरून?"

"हो."

"मला सांगितलं आसतं तर पोतंभर दिली आसती की! नणंद माहेरून माती न्यायला लागली आन मी बिनओटीची पाठवली, म्हंजे गाव मला काय म्हनंल?" ती तावातावाने आत गेली. परत आली ती खण, नारळ, तांदूळ आणि एका कापडी पिशवीत माती घेऊन. कौसाबाईची ओटी भरली, पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "आता कोन म्हनतं बघू चोरली." गुरुजींनी चष्मा काढला आणि पुसत बसले. खण मलाही मिळाला. आमच्याकडे ओटीत काय काय घालतात ते मी आठवून पाहिलं, पण रानातली माती मी पहिल्यांदाच पाहिली.

सोमवार, शाळेचा व्हरांडा

सकाळी माणसं जमली. दोन बैलजोड्या बाहेर उभ्याच होत्या. मी धुतलेली मुळं दोन ताटांत मांडली, एकात पांढरी, एकात गाठींची. आदल्या दिवशी मनाशी भाषण तयार केलं होतं, ते सगळं विसरले आणि म्हटलं, "चूक माझी आहे. हा जिवाणू मी निवडला. तुमच्या वाणाला तो चालत नाही, हे मी आधी तपासायला हवं होतं. मी तपासलं नाही."

माणसं ताटांवर वाकून मुळं बघू लागली. मला मात्र इतकं हलकं वाटलं की मी शेजारच्या बाकावर बसूनच घेतलं.

मग कौसाबाई उठली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि वाटूरच्या मातीपासून बांधाखाली पुरलेल्या रोपांपर्यंत सगळं सांगितलं. तात्यांच्या भुवया वर गेल्या. "म्हंजे रानडुक्कर न्हाई, तूच व्हतीस?" सगळे हसले, तात्यांची पत्नीसुद्धा.

मागून एक म्हातारे म्हणाले, "मंग गुरुजीच्या हाताचं..." आणि थांबले. तीन आठवडे गावात जे कुणी बोललं नव्हतं, ते अर्धं का होईना बाहेर पडलं होतं.

मी ताटातलं गाठींचं रोप उचललं. "या ओळींचं बीसुद्धा त्याच सकाळी, याच व्हरांड्यात, गुरुजींनीच चोळलंय. त्याच हातांनी."

तात्यांनी रोप घेतलं, उलटसुलट केलं, नखाने गाठ फोडून लाल रंग पाहिला. "म्हंजे त्या जिवाणूची आन ह्या बियाची सोयरीकच जमली न्हाई म्हना की. जोडून देनाऱ्याचा त्यात काय दोष?" मग बाहेर बघून ओरडले, "सोडा रे बैलं!"

फुलं लागायच्या आत थोडा युरिया द्यायचा, यंदाचं पीक तेवढ्यावर तरून जाईल, हे मी सांगितलं. तसंच झालं. परवाच गुरुजींचं दुसरं कार्ड आलं. भरघोस नाही, पण पीक आलं, आणि मोडलं कुणीच नाही.

निघताना मी त्या बियाण्याची एक मूठ मागितली, पुण्याला कुंड्यांत तपासायला. पेरून उरलेलं बी तात्यांकडे होतं. ते स्वतः घरी जाऊन पोतं खांद्यावर घेऊन आले. मी पिशवी उघडून पुढे केली. ते माझ्याजवळ आलेच नाहीत. त्यांनी पोतं गुरुजींच्या पायाशी ठेवलं आणि त्याचं तोंड सोडलं.

"मूठ तुम्ही भरा."

"तात्या, बी तुमचं हाय," गुरुजी म्हणाले.

"माझंच हाय. पुढल्या साली बी तुम्हीच चोळनार. भरा, जल्दी. बाईची जीप जाईल."

सगळा व्हरांडा बघत होता. गुरुजींनी सदऱ्याची बाही वर केली, वाकले आणि पोत्यात हात घातला. मी पिशवी धरून उभी होते. त्यांनी मूठ इतकी घट्ट आवळली होती की पिशवीवर आणूनही कितीतरी वेळ एक दाणा खाली पडला नाही.